तबकडी की फाइल? आधी मास्टर तपासा

संगीत फाइलमध्ये उतरवले की त्यातला जीव जातो, ही समजूत एमपीथ्रीच्या काळात रुजली आणि तेव्हा ती बऱ्याच अंशी खरीही होती. जागा वाचवण्यासाठी एमपीथ्री ध्वनीतला काही भाग कायमचा टाकून देते. २००१ साली आलेले फ्लॅक हे फाइल-स्वरूप मात्र काहीच टाकत नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन्ही चॅनेलांसाठी नोंदलेले असतात. फ्लॅक तेच आकडे साधारण निम्म्या जागेत घडी घालून ठेवते आणि वाजवताना जसेच्या तसे उलगडते. तेव्हा नीट उतरवलेली फाइल आणि तिची मूळ सीडी यांच्या आवाजात फरक शोधणे व्यर्थ आहे.

मग एखाद्या अल्बमची एलपी सीडीपेक्षा कानाला गोड का लागते? हा अनुभव खोटा नाही, त्याचे कारण मात्र बहुतेकदा चुकीचे सांगितले जाते. एलपीच्या खोबणीला मर्यादा असतात, म्हणून तिच्यासाठी मास्टरिंग, म्हणजे प्रती काढण्याआधीची आवाजाची अंतिम जुळणी, वेगळे होते. सीडीवर मात्र नव्वदच्या दशकापासून आवाज मोठा करण्याची स्पर्धा लागली आणि हळू-मोठ्यातला चढउतारच दाबला गेला. मेटॅलिका या रॉक बँडच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमच्या सीडीवर आवाज अक्षरशः फाटतो, तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कितीतरी मोकळी ऐकू येतात. दोन्ही डिजिटलच! दोष मास्टरिंगचा होता. अधिक बिटांच्या महागड्या फाइलींनीही तो दूर होत नाही.

आपल्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांबाबत तर हे अधिकच खरे आहे. तबकडी चुकीच्या वेगाने फिरवली तर गायकाची पट्टीच बदलते. खरखर घालवण्याच्या नादात गाळणी जास्त लावली तर आवाजाची धार बोथट होते. अशी प्रत फ्लॅकमध्ये ठेवली, तर बिघाडच तंतोतंत जतन होतो. शिवाय फाइल करताना माहितीही हरवते: तबकडीच्या लेबलवर निदान तिचा क्रमांक तरी असतो. फाइलीत अनेकदा साथीदारांची नावेही नसतात. म्हणून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ‘लॉसलेस’चा, म्हणजे काहीही न गमावल्याचा, शिक्का मारताना मूळ स्रोत टेप की तबकडी, मास्टरिंग कोणत्या साली झाले आणि साथीला कोण होते, एवढे तरी फाइलीसोबत द्यावे. आणि वाचकहो, ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांनी, त्यांच्या फाइली झाल्या म्हणून, त्या रद्दीत देऊ नयेत.