रात्रीचा कॅमेरा आणि काळ्या शर्टाची गोष्ट

गेल्या काही वर्षांत संगमेश्वरच्या बाजारपेठेत आणि आजूबाजूच्या मोहल्ल्यांत कॅमेऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. कारण उघड आहे. घरातली कर्ती माणसे मुंबईत, नाहीतर कुवेत, दोहा, दुबईत. मागे राहतात ती म्हातारी माणसे. काही घरे तर मे महिना आणि सणवार सोडले तर कुलूपबंदच असतात. परदेशात बसून मोबाईलवर आपले अंगण दिसते, याचे समाधान मोठे आहे. पण अंगण नीट दिसते ते दिवसा. चोर येतो रात्री, आणि रात्रीचे चित्र कसे येते हे कॅमेरा बसवताना किती जण पाहतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका बंद घराच्या पडवीतून पाण्याची मोटार गेली. कॅमेऱ्यात माणूस आला होता, पण चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा. शर्ट मात्र स्पष्ट, पांढरा. झाले! जवळच एका खानावळीत काम करणारा मुलगा रोज पांढरा शर्ट घालतो. दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी त्याचेच नाव. त्याला बोलावून चार वडीलधाऱ्यांनी विचारले, त्याची आई रडत माझ्या दुकानात आली. म्हणाली, "चाचा, तुम्ही तरी बघा."

मी ते चित्र पाहिले. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली, त्यामुळे नजर आधी शिलाईवर गेली. शर्ट पांढरा, पण खिशाची आणि कॉलरची शिलाई गडद दिसत होती. पांढऱ्या शर्टाला काळा दोरा कोण घालतो? त्याच रात्री दुकानातले कापडाचे सात-आठ तुकडे घेऊन त्या घरी गेलो आणि दिवे बंद करून त्याच कॅमेऱ्यासमोर एकेक धरला. काळ्या सुती कापडाचा एक तुकडा जवळजवळ पांढरा दिसला. काळे टेरिकॉट फिकट राखाडी. गर्द निळा तुकडाही उजळ. एकच काळा तुकडा काळा राहिला.

यात जादू नाही. रात्री हे कॅमेरे इन्फ्रारेड उजेडात पाहतात. मराठीत त्याला अवरक्त किरण म्हणतात, आमच्या शाळेच्या पुस्तकातला शब्द 'जेरीं सुर्ख', म्हणजे लालच्या खालचा. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. तोच हा उजेड. कापडाचा रंग बनतो आपल्या डोळ्यांसाठी. पुष्कळसे काळे रंग दिसणारा उजेड गिळतात, पण अवरक्त किरण परत पाठवतात, म्हणून कॅमेऱ्याला कापड उजळ दिसते. काजळीचा रंग असेल तर ते काळेच राहते. लष्कराच्या गणवेशाचे रंग निवडताना म्हणूनच ही बाब तपासतात. आपल्याकडे मात्र या चित्रावरून एका गरीब मुलावर तोहमत आली. तुकडे दाखवल्यावर लोक गप्प झाले. माफी मात्र एकानेही मागितली नाही, हेही नमूद करतो.

आता चेहऱ्याचा गोळा का झाला ते पाहू. बसवणाऱ्याने कॅमेरा वळचणीखाली, चुना मारलेल्या भिंतीला चिकटून लावला होता. लेन्सभोवतीच्या बारीक दिव्यांचा उजेड भिंतीवर पडून परत आत येतो, कॅमेऱ्याला वाटते उजेड भरपूर आहे, आणि तो फाटकाकडचा भाग काळाकुट्ट करून टाकतो. उलट माणूस अगदी जवळ आला की चेहरा पांढरा पडतो. त्यात आपला कोकणातला पाऊस! प्रत्येक थेंब त्या उजेडात सुईसारखा चमकतो. लेन्ससमोर कोळ्याने जाळे विणले तर रात्रभर तेच चित्रित होते.

यावर उपाय जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा नव्हे. दुकानदार तोच गळ्यात मारतात, कारण त्यात नफा आहे. माझे मत असे की कॅमेरा आहे तोच ठेवावा, त्याच्या अंगचे दिवे सेटिंगमध्ये बंद होत असतील तर बंद करावेत आणि इन्फ्रारेडचा स्वतंत्र दिवा कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट बाजूला, फाटकाच्या दिशेने लावावा. थेंब आणि जाळे मग इतके चमकत नाहीत. खोक्यावर लिहिलेल्या मीटरवर विसंबू नये. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो.

दिवे दोन प्रकारचे मिळतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा अंधारात मंद लाल ठिपक्यासारखा दिसतो आणि त्याचा उजेड लांब जातो. ९४० चा डोळ्याला दिसत नाही, पण त्यात कॅमेऱ्याची नजर बरीच आखूड होते. लोक ९४० मागतात, चोराला कळू नये म्हणून. मला हा हिशेब पटत नाही. लाल ठिपका पाहून चोर परत गेला तर आपले काय बिघडले? चोर पकडण्याची हौस पोलिसांना असू द्या, आपल्याला मोटार जागेवर हवी.

आणि जिथे घरात माणसे राहतात तिथे माणूस आला की पेटणारा साधा सेन्सरचा दिवा मी जास्त पसंत करतो. पाखरे जमतात हे खरे, पण रंग खरे दिसतात आणि रात्री उठलेल्या म्हाताऱ्या माणसालाही पायरी दिसते. बंद घरासाठी इन्फ्रारेड ठीक. फक्त दिव्याचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर आहे ना, हे पाहावे. आमच्याकडे एकाने कॅमेरा इन्व्हर्टरवर घेतला आणि दिवा साध्या प्लगवर, मग पावसात वीज गेली की रात्रभर काळा पडदा.

ज्यांचा कापडाच्या गोष्टीवर विश्वास बसत नसेल, त्यांनी मगरीबनंतर दुकानात यावे. ते तुकडे मी गल्ल्याखाली ठेवले आहेत.