स्थानक कोणाचे?

उट्रेख्ट हे शहर नेदरलँड्सच्या जवळजवळ मध्यभागी वसले आहे आणि देशाच्या चारी दिशांचे लोहमार्ग तेथे एकत्र येतात. साहजिकच तेथील मध्यवर्ती स्थानक प्रवाशांच्या वर्दळीत त्या देशात अग्रभागी आहे. त्याची नवी इमारत २०१६ च्या डिसेंबरात खुली झाली. लाटेसारखे छप्पर आणि प्रशस्त दालन यांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने या स्थानकाचा इतिहास अभ्यासावा तो निराळ्या कारणासाठी. सार्वजनिक दार खाजगी भांडवलाच्या अंगणात उघडू लागले म्हणजे काय होते, आणि ते अंगण परत मिळविण्यास समाजाला किती काळ झगडावे लागते, याचा तो बोलका दाखला आहे.

ही ओढाताण रेल्वेच्या जन्मापासूनची आहे. १८३८ मध्ये डच संसदेने लोहमार्गाची योजना फेटाळली, तेव्हा राजा पहिला विल्यम याने कर्जाच्या व्याजाची वैयक्तिक हमी घेऊन ती पुढे रेटली. १८४३ च्या डिसेंबरात ॲम्स्टरडॅमहून पहिली गाडी उट्रेख्टला पोहोचली. दोनच वर्षांत हा मार्ग एका खाजगी कंपनीच्या हाती गेला आणि १८९० मध्ये तो पुन्हा सरकारने घेतला. अखेर १९३८ मध्ये सर्व भाग सरकारच्या मालकीचे असलेली एकच राष्ट्रीय रेल्वे कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी उट्रेख्टचे स्थानक आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि वास्तुकार सिबोल्ड व्हान राव्हेस्टाइन यांनी १९३९ मध्ये ते नव्याने उभारले. गाडी लोकांची झाली, स्थानकही लोकांचे झाले.

दारापुढची भूमी मात्र लोकांची राहिली नाही. १९६२ मध्ये ब्रेदेरो या बांधकाम कंपनीने नगरपालिकेपुढे एक भव्य आराखडा ठेवला. स्थानक आणि जुने शहर यांमधील वस्ती पाडून तेथे दुकाने, कचेऱ्या, घरे आणि मोटारतळ यांचे एकच अवाढव्य संकुल बांधावयाचे, असा तो आराखडा होता. मोटारींच्या गर्दीने गांजलेल्या शहराला तो आकर्षक वाटला. 'होख कातारैना' नावाचे हे संकुल १९७३ मध्ये राजकन्या बेआट्रिक्स यांच्या हस्ते खुले झाले. राव्हेस्टाइन यांची इमारत त्यापायी नाहीशी झाली. एका विमा कंपनीची १९०२ मधील देखणी वास्तू १९७४ मध्ये जमीनदोस्त झाली. शतकानुशतके शहराला वेढून वाहणाऱ्या कालव्याचा एक भाग कोरडा करून तेथे मोटारींचा रुंद रस्ता काढण्यात आला.

याहून गंभीर गोष्ट अशी की, स्थानकातून शहरात जाणाऱ्या माणसाची मुख्य वाट आता बाजारातून जाऊ लागली. रस्ता आणि दुकान यांतील सीमा पुसली गेली. रस्त्यावरून चालणारा माणूस नागरिक असतो. बाजाराच्या दालनातून चालणारा माणूस गिऱ्हाईक ठरतो. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याची मग तेथे अडगळ होते. पुढील दोन दशकांत बेघर आणि व्यसनाधीन माणसे याच संकुलाच्या आडोशाला आली, तेव्हा समाजातील विषमतेची ही खूण व्यापाऱ्यांना आपल्या धंद्यावरील डाग वाटू लागली. यात नवल कसले?

हे सारे भांडवलदारांचे कारस्थान म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. पादचाऱ्यांना मोटारींपासून वेगळे करावे, त्यांना ऊनपावसापासून आडोसा द्यावा, हे विचार मुळात चांगलेच होते. नियोजनावर श्रद्धा असलेल्या समाजवाद्यालाही भव्य आराखड्याची भुरळ पडते. नियोजन आणि लोकशाही नियोजन यांतील अंतर तो विसरला, की आराखडा कोणीही करतो आणि त्याचा नफा भलत्याच्याच पदरी पडतो.

उट्रेख्टच्या नागरिकांनी हे अंतर ओळखले. २००२ च्या मे महिन्यात स्थानक परिसराच्या भवितव्यावर सार्वमत घेण्यात आले. लोकांनी जो आराखडा निवडला, त्यात कालव्याचे पाणी परत आणण्याची योजना होती. त्यानंतरचे काम सावकाश पण निश्चयाने झाले. स्थानक आणि बाजार एकमेकांपासून अलग करून मध्ये सार्वजनिक चौक आला. लोहमार्गांवरून पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र पूल झाला. चौकाखाली सुमारे १२,५०० सायकलींचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. तेथे पहिले चोवीस तास सायकल विनामूल्य ठेवता येते. २०२० च्या सप्टेंबरात कालवा पुन्हा वाहता झाला. सायकलीवरून कामाला जाणारा मजूर आणि प्राध्यापक यांना तेथे सारखीच जागा मिळते. आधुनिकीकरण याला म्हणावे.

तथापि हा विजय अपुरा आहे. 'होख कातारैना' गेले नाही. नूतनीकरण होऊन ते अधिक झगमगीत झाले. एकेकाळी ते सरकारी सेवकांच्या निवृत्तिवेतन निधीच्या मालकीचे होते; २०१५ मध्ये ते क्लेपिएर या फ्रेंच कंपनीकडे गेले. रेल्वे कंपनीचे भाग सरकारकडेच आहेत, पण १९९५ पासून तिला व्यापारी तत्त्वावर चालावे लागते. नावाची मालकी लोकांची आणि चालण्याची रीत बाजाराची, असा हा संसार आहे. मालकी सरकारकडे आली म्हणजे समाजवाद आला, अशा समजुतीत राहणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोठल्याही स्थानकाच्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला, तर कार्यकर्त्याने चित्रातील छपराकडे पाहून दिपून जाऊ नये. जमीन कोणाच्या नावे राहणार? तिकीट न काढता, काही न विकत घेता माणसाला तेथून जाता येईल काय? वस्ती हलली तर ती माणसे कोठे जातील? आणि या सर्वांवर लोकांचे मत केव्हा घेतले जाणार, करारावर सह्या होण्यापूर्वी की नंतर? उट्रेख्टमध्ये संकुल खुले झाल्यापासून कालव्यात पाणी परत येईपर्यंत सत्तेचाळीस वर्षे गेली. तेथील लोकांना हे प्रश्न उशिरा विचारावे लागले. इतरांनी ते वेळेवर विचारावेत.