टपालहशील आणि आंतरजाल

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा विषय मराठीच्या प्राध्यापकांचा नव्हे, असे मत आमच्याच स्टाफरूममध्ये पडले. तो अभियंत्यांनी, फार तर अर्थशास्त्र विभागाने पाहावा. आम्हांला हे मान्य नाही. मजकूर वाचकापर्यंत पोचावा अशी ज्याची इच्छा आहे, त्याला वाहतुकीचा विचार टाळता येत नाही. आणि मराठी नियतकालिकांच्या इतिहासात तर पोस्टमनचे स्थान संपादकाच्या फारसे खाली नाही.

१८९८च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्रांना सवलतीचे हशील होते. अट अशी, की दोन अंकांत ३१ दिवसांहून अधिक अंतर नको. मासिके त्यात बसत, त्रैमासिके बाहेर राहत. (अनियतकालिकांनी तर नावातच हार पत्करली होती!) अट जाचक होती, यात शंका नाही. पण सवलत प्रकाराला होती, मालकाला नव्हती. मोठ्या भांडवलाच्या साप्ताहिकाला जो दर, तोच तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या चार पानी पत्राला. अमक्याने खात्याशी स्वतंत्र करार केला म्हणून त्याचा अंक आधी वाटायचा आणि इतरांचे गठ्ठे पडू द्यायचे, अशी तरतूद त्यात नव्हती.

टिम वू या कायद्याच्या अभ्यासकाने २००३ साली आंतरजालासाठी ‘न्यूट्रॅलिटी’ची संकल्पना मांडली, तिचा गाभा याहून फार वेगळा नाही. वाहकाने ओझे वाहावे. ते कोणाचे आहे हे पाहून रस्ता अडवू नये, आणि पैसे घेऊन कोणाला पुढेही काढू नये.

आपल्याकडे हा वाद पेटला तो वेगाच्या प्रश्नावर नव्हे, ‘फुकट’ या शब्दावर. २०१५ साली एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ आणले, फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणले, जे पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे विनामूल्य, बाकीच्यांना पैसे मोजा. समर्थकांचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता: ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडे तरी मिळू द्या. खेड्यातल्या मुलाला अर्धी भाकरी नाकारणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. विकिपीडियानेही २०१२ ते २०१८ या काळात अनेक देशांत अशीच विनामूल्य योजना चालवली, आणि तिच्यामागे नफ्याचा हेतू होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही आमचे उत्तर नकारार्थीच आहे. ते तत्त्वज्ञानातून नव्हे, वर्गातून आले आहे. हाताशी असलेले ‘गाईड’ आणि शोधून, विकत घेऊन वाचावे लागणारे मूळ पुस्तक यांपैकी विद्यार्थी काय उचलतो, हे आम्ही वीस वर्षे पाहत आहोत. गाईड कोणी सक्तीने वाचायला लावत नाही. मूळ पुस्तकावर बंदीही नाही. पुस्तक फक्त मागे पडते. मराठीतली छोटी वाङ्मयीन संकेतस्थळे अशाच रीतीने मागे पडली असती, आणि त्यासाठी कोणाला दोषही देता आला नसता.

तेव्हा ‘ट्राय’कडे दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई झाली, दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. २०१८ साली सरकारने मजकूर अडवणे, मंदावणे किंवा त्यास अग्रक्रम देणे यांविरुद्धची तत्त्वेही स्वीकारली. अमेरिकेत मात्र नियम २०१५ साली आले, २०१७ साली गेले, २०२४ साली परत आले आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. सरकार बदलले की रस्त्याचा कायदा बदलतो, असा हा प्रकार.

आपले नियम निर्दोष आहेत असेही नाही. मोठ्या कंपन्या आपला मजकूर वाचकाजवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवतात, ती व्यवस्था नियमांच्या बाहेर आहे; म्हणजे धनिकांना एक जवळची वाट आहेच. शिवाय २०१६नंतर डेटा इतका स्वस्त झाला, की ‘फुकट’ची ओढच ओसरली. आता मागणी वेगळ्या रूपात येते: प्रचंड वाहतूक निर्माण करणाऱ्यांनी जाळ्याच्या खर्चात ‘वाजवी वाटा’ उचलावा. ऐकायला न्याय्य. पण दक्षिण कोरियात अशाच शुल्काचे कारण देऊन ‘ट्विच’ने फेब्रुवारी २०२४मध्ये सेवा बंद केली. आज पैसे बड्या व्हिडिओ कंपन्यांकडे मागितले जात आहेत हे खरे. मात्र मजकूर पाठवणाऱ्याने वाहकाला निराळे पैसे द्यायचे हे एकदा मान्य झाले, की रक्कम कोठून सुरू व्हावी एवढाच वाद उरतो. पदरमोड करून चालणाऱ्या वाङ्मयीन संकेतस्थळाला त्या वादात बसायला जागा असेल, असे आम्हांला वाटत नाही.

१८९८चा कायदा २०२३च्या नव्या कायद्याने मोडीत निघाला. येत्या सत्रात नियतकालिकांच्या इतिहासाचा तास घेताना आम्ही त्यातला ३१ दिवसांचा नियम आणि २०१६ची मनाई शेजारी शेजारी ठेवणार आहोत. अभियांत्रिकीचे सहकारी आले, तर त्यांनाही बसवून घेऊ.