मळणीत हात गेला तर पन्नास हजारांवर मिटवायचं का? आधी कायद्याचा हिशोब बघा

तूर निघाली, हरभऱ्याची मळणी सुरू झाली, गहूही काढणीला आला आहे. गावोगाव मळणी यंत्रं फिरू लागली आहेत. तिकडे ऊसतोडीचा हंगाम शेवटच्या टप्प्यात आहे. हेच दिवस अपघातांचे. यंत्रात हात ओढला जाणं, पट्ट्यात साडीचा पदर किंवा ओढणी अडकणं, उसाची ट्रॉली उलटणं, मोटारीचा करंट लागणं, विहिरीचं काम करताना दरड अंगावर येणं, यातलं काही ना काही दर हंगामात कानावर येतं.

अपघातानंतर गावात पुढं काय होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. जखमीला जवळच्या दवाखान्यात नेतात. 'पोलीस केस नको' म्हणून डॉक्टरला 'घरी काम करताना लागलं' असं सांगतात. मालक बिल भरतो. आठ-पंधरा दिवसांनी चार माणसं बसतात, स्टॅम्प पेपरवर 'यापुढे आमची काही मागणी नाही' असं लिहून घेतात आणि पन्नास हजार, फार तर लाखभर रुपये हातात ठेवतात. मजुराला वाटतं मालकानं उपकार केले. मालकाला वाटतं आपण सुटलो. कायद्याच्या हिशोबानं दोघांचंही चुकतं.

कायदा किती देतो?

कामावर जखमी झालेल्या किंवा मरण पावलेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. हिशोबाचं मूळ सूत्र मात्र तेच राहिलं आहे.

सूत्र समजायला सोपं आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० ऐवजी ६० टक्के धरायचे. वयाचा आकडा कायद्याच्या तक्त्यात दिलेला आहे: २५ वर्षांना २१६.९१, ३० वर्षांना २०७.९८, ४० वर्षांना १८४.१७, ५० वर्षांना १५३.०९. जुन्या कायद्यात २०२० पासून महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जात होती.

समजा, मजूर ३० वर्षांचा आहे आणि त्याची महिन्याची मजुरी १३,००० रुपये धरली गेली. मृत्यू झाला तर ६,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १३ लाख ५१ हजार ८७० रुपये वारसांना मिळायला हवेत.

हात गेला तर? कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचाही तक्ता कायद्यात आहे. मनगटापासून पंजा गेला तर ६० टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४० टक्के. वरच्याच मजुराचा पंजा गेला तर हिशोब असा: ७,८०० गुणिले २०७.९८ आणि त्याचे ६० टक्के. रक्कम येते सुमारे ९ लाख ७३ हजार. नुसता अंगठा गेला तरी ४ लाख ८६ हजारांच्या पुढे. पन्नास हजारांवर मिटवलं, म्हणजे किती सोडून दिलं ते यावरून लक्षात यावं.

दवाखान्याचा खर्च यात धरत नाहीत, तो वेगळा द्यायचा असतो. त्यामुळे 'बिल मी भरलं, आता भरपाई कसली' हे चालत नाही. पाय मोडून काही महिने घरी बसावं लागलं तर त्या काळात दर पंधरा दिवसाला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के रक्कम द्यावी लागते. १३,००० मजुरी असेल तर ती ३,२५० रुपये होते.

'चूक त्याचीच होती'

गावात हे वाक्य हमखास ऐकू येतं. 'लक्ष कुठं होतं त्याचं?' 'पदर खोचायला सांगितलं होतं.' मजूरही स्वतःला दोष देतो आणि गप्प बसतो. पण या कायद्यात चूक कोणाची हा प्रश्नच मुख्य नाही. काम करता करता, कामामुळे इजा झाली, एवढं पुरे आहे. मजूर दारू पिऊन होता किंवा त्यानं सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडली, असं मालकानं सिद्ध केलं तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही कारण चालत नाही.

'तो रोजंदारीचा होता, आमच्याकडं कायम नव्हता' हे दुसरं वाक्य. एका दिवसासाठी बोलावलेला मजूरही या कायद्यात येतो. ट्रॅक्टर किंवा विजेच्या, इंजिनाच्या यंत्रावर चालणारं शेतीकाम आणि विहीर किंवा बोअर खोदण्याचं काम कायद्याच्या यादीत आहे. घर ते काम या येण्याजाण्यात झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, नव्या संहितेत धरला आहे.

मालक नेमका कोण?

खरी ओढाताण इथं होते. यंत्र एकाचं, माल दुसऱ्याचा, मजूर मुकादमानं आणलेले. अपघात झाला की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. कामावर कोणी बोलावलं, मजुरी कोण देतो, काम कोणाच्या सांगण्यानं चालतं, यावरून मालक ठरतो. यंत्रवाला स्वतःचे मजूर घेऊन पोत्यामागे भाव ठरवून येत असेल, तर जबाबदारी आधी त्याच्याकडं जाते. शेतकऱ्यानं स्वतः मजूर लावले असतील तर त्याच्याकडं.

मधे मुकादम किंवा ठेकेदार असला तरी, ज्याच्या धंद्यासाठी काम चाललं त्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते आणि तो ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ऊसतोडीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. 'टोळी मुकादमाची आहे, आमचा संबंध नाही' असं सांगितलं जातं. ते ऐकून परत येण्यापेक्षा दाव्यात मुकादम आणि कारखाना दोघांचीही नावं घालावीत. निर्णय भरपाई आयुक्त करतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात असेल तर दोन वाटा आहेत. एक या कायद्याची, दुसरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. एकाच अपघातासाठी दोन्हीकडून भरपाई मिळत नाही, एक वाट निवडावी लागते. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे. म्हणून वकिलाला लवकर विचारलेलं बरं.

स्टॅम्पच्या कागदाला किती किंमत?

भरपाईचा हक्क सोडून देतो किंवा कमी घेतो, असा करार या कायद्याप्रमाणे रद्दबातल धरला जातो. मग त्यावर नोटरीचा शिक्का असो की चार पंचांच्या सह्या. तडजोड करायची असेल तर ती आयुक्तांकडं नोंदवावी लागते. रक्कम फार कमी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात.

मृत्यूच्या प्रकरणात तर मालकानं वारसांच्या हातात परस्पर पैसे देऊन चालतच नाही. रक्कम आयुक्तांकडं जमा करायची आणि आयुक्तांनी ती वारसांत वाटायची, असा नियम आहे. यात विधवेच्या आणि लेकरांच्या नावानं आलेला पैसा दुसऱ्याच कोणी उचलू नये, हा हेतू आहे.

म्हणजे घाईनं मिटवून मालकही सुटत नाही. दोन वर्षांच्या आत मजूर दावा करू शकतो. देय झाल्यापासून महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, योग्य कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खातेदाराला योजना, भूमिहीनाला काय?

स्वतःच्या रानात काम करताना किंवा सावडीनं एकमेकांकडं जाताना अपघात झाला तर तिथं मजूर-मालक नातं नसतं, म्हणून हा कायदा लागत नाही. अशा वेळी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं करायचा.

पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला ही योजना नाही. यंत्रावर सगळ्यात जास्त राबतो तो भूमिहीन मजूरच. त्याच्या हातात उरतो तो भरपाईचा कायदा, आणि नेमका तोच त्याला कोणी सांगत नाही. बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपये कापून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घेता येते. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास १ लाख मिळतात. ही योजना असली तरी मालकाकडून भरपाई मागता येते.

अपघात झाला तर

१. दवाखान्यात खरं कारण सांगा. 'घरी लागलं' असं केस पेपरवर एकदा आलं की पुढं सगळा दावा अडतो. एमएलसी नोंद झाली का ते विचारा.

२. पोलीस ठाण्यात खबर द्या, प्रत घ्या. यंत्राचे, जागेचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

३. मजुरीचा पुरावा जपा. फोनपेवर आलेले पैसे, मुकादमाची उचल लिहिलेली वही, व्हॉट्सअॅपवरचं बोलावणं, सोबतच्या मजुरांची नावं, सगळं उपयोगी पडतं.

४. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून घ्या.

५. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा देऊ नका.

६. दावा दोन वर्षांच्या आत भरपाई आयुक्तांकडं करा. आपल्या भागासाठी हे काम कोणतं न्यायालय बघतं, ते तालुका विधी सेवा समितीत कळतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्यांना तिथं वकील मोफत मिळतो. हेल्पलाईन क्रमांक १५१०० आहे.

यंत्रवाल्यानंही विचार करावा

यंत्रवाला काही कारखानदार नसतो. बऱ्याचदा तोही कर्ज काढून यंत्र घेतलेला पाच-सहा एकरवाला शेतकरी, आणि मजूर त्याच्याच आळीतला. म्हणूनच बोलणी अवघड होतात. दावा केला तर गावात तोंड कसं दाखवायचं, ही मजुराची अडचण. नऊ लाख आणायचे कुठून, ही मालकाची.

यावर उपाय अपघाताच्या आधीच करावा लागतो. कामगार भरपाईची विमा पॉलिसी विमा कंपन्या देतात, ती हंगामाच्या आधी घ्यावी. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे यंत्रावरचे आणि ट्रॉलीवरचे मजूरही त्यात आले, असं समजू नये. पॉलिसीत कोण धरलंय ते एजंटाकडून लेखी घ्यावं. यंत्राच्या तोंडाला झाकलेलं लांब घमेलं ठेवलं, पट्ट्यावर जाळी बसवली, रात्री उजेड ठेवला आणि मजूर दमला की पाळी बदलली, तर बरेच हात वाचतील. माल भराभर जावा म्हणून झाकण काढून ठेवण्याची सवय आधी मोडली पाहिजे.

मजुरानं कायद्यानं मागितलेली भरपाई म्हणजे मालकाशी भांडण नव्हे. मालकानं विमा काढलेला असेल तर हे पैसे कंपनी भरेल आणि दोघांचं घर उभं राहील. विमा नसेल तर एकाचा हात जाईल आणि दुसऱ्याचं रान. यंदाच्या मळणीचा भाव ठरवताना यंत्रवाल्याला आणि मुकादमाला एवढं एक विचारून घ्यावं: मजुरांचा विमा काढलाय का?