खोगीरभरती नको, बैठक हवी

कोल्हापुरातील कितीतरी घरांच्या मागच्या खोलीत व्यायामाची सायकल उभी असते आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत असतो. गुडघेदुखीसाठी किंवा सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने ती सुचवलेली असते, मुलाने हौसेने आणलेली असते. आईही पहिले आठ-दहा दिवस नेमाने तिच्यावर बसते. मग ‘कंटाळा येतो’, ‘वेळ होत नाही’, ‘दम लागतो’ अशी कारणे सुरू होतात. त्यांतले एखादे खरे असेलही; परंतु पुष्कळदा खरे कारण निराळे असते आणि ते घरात उच्चारले जात नाही. सीट टोचते. जिथे टोचते त्या जागेचे नाव मुलासमोर, सुनेसमोर, कधी डॉक्टरांसमोरही घेण्याची आपल्याकडे रीत नाही. रंकाळ्याच्या बाजूला सकाळी लेडीज सायकल घेऊन निघणाऱ्या साठीच्या भगिनींचेही असेच होते. महिन्याभरात सायकल जिन्याखाली जाते.

यात नुकसान मोठे आहे. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते, त्यामुळे गुडघा फारसे ओझे न घेता वाकतो आणि सरळ होतो. मांडीचे स्नायू टिकतात. ते टिकले तर जिना चढणे, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे, तोल सावरणे ही कामे पुढेही जमत राहतात. एवढी उपयुक्त गोष्ट एका अयोग्य सीटपायी सुटावी, हे पटण्यासारखे नाही.

प्रथम आपण बसतो कशावर, ते पाहू. ओटीपोटाच्या हाडांच्या तळाशी डावीकडे व उजवीकडे एकेक गोलसर टोक असते. पाटावर ताठ बसून हात खाली सरकवला तर ही टोके बोटांना स्पष्ट लागतात. बसताना भार पेलण्याचे काम त्यांचे. त्यांच्या मधला भाग मऊ असतो. तेथे नाजूक त्वचा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, आणि भार पेलणे हे त्या भागाचे काम नव्हे. स्त्रियांचे ओटीपोट सरासरीने रुंद असल्याने त्यांच्या या दोन हाडांतले अंतरही सरासरीने अधिक असते. सीट अरुंद असेल तर हाडे तिच्या कडांवरून बाहेर उतरतात आणि सारा भार मधल्या मऊ भागावर येतो. पुरुषांना बरी वाटणारी सीट घरातल्या स्त्रीला असह्य का होते, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

यावर घरोघर होणारा उपाय म्हणजे उशी. स्पंजचे किंवा जेलचे जाड कव्हर आणायचे, त्यावर आणखी एक टॉवेल गुंडाळायचा. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरतीसाठी वापरतात, आणि येथे तो अक्षरशः लागू पडतो. फार मऊ सीटमध्ये हाडे खोल रुततात, तेवढाच मधला स्पंज वर येतो आणि नेमक्या नाजूक जागी दाबतो. पहिली पाच मिनिटे सुखाची जातात, विसाव्या मिनिटाला मुंग्या येऊ लागतात. म्हणून दुकानात सीटवर अंगठा दाबून ‘किती मऊ आहे’ एवढेच पाहून निवड करू नये. थोडी दबणारी, पण हाडांना खाली भक्कम आधार देणारी सीट अधिक काळ सुखाची ठरते. मऊपणाआधी रुंदी पाहावी.

ही रुंदी घरी मोजता येते. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्यावा, तो कठीण, सपाट स्टुलावर ठेवावा, पातळ कपड्यांनिशी त्यावर बसून किंचित पुढे झुकावे आणि अर्धा मिनिट स्थिर राहावे. जवळ कोणीतरी आधाराला असावे. गुडघे दुखणाऱ्यांनी त्यासाठी बुटक्या पायरीवर बसण्याचा हट्ट करू नये. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात, हात फिरवला तर जाणवतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. बहुतेकींचे ते १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. घरगुती सायकलवर आपण पाठ ताठ ठेवून बसतो. तेव्हा त्यात ३ ते ४ सेंटिमीटर मिळवावेत, म्हणजे सीटच्या मागच्या भागाची रुंदी हाती येते. पुढे वाकून चालवणाऱ्या तरुण मुलींना २ सेंटिमीटर पुरतात. अंदाजाने ‘सगळ्यांत रुंद द्या’ म्हणू नये. प्रमाणाबाहेर रुंद सीट मांडीच्या आतल्या बाजूला घासते आणि दुखण्याची जागा फक्त बदलते. नितंबांच्या आकारावरूनही हे अंतर ठरत नाही. सडपातळ बाईची हाडे दूर असू शकतात आणि स्थूल बाईची जवळ.

हा प्रश्न नवा नाही. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या तेव्हा तेथील डॉक्टरांनी सीटच्या दाबावरून बरीच चर्चा केली आणि मधोमध खाच किंवा पोकळी असलेल्या ‘आरोग्यदायी’ सीट बाजारात आल्या. आज दुकानात मधे खाच असलेली सीट दिसते, तिचे कूळ तेवढे जुने आहे. ती अनेकींना मानवते. काहींना मात्र खाचेच्या कडाच बोचतात, तेव्हा विकत घेण्यापूर्वी बसून पाहावे हे बरे.

चामड्याच्या सीटविषयी कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग तेल पिते, पावलाचा आकार घेते आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या पायात नीट बसत नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा तो गुण आहे. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये सुरू झालेल्या ब्रुक्स कंपनीच्या सायकल सीट याच तत्त्वावर चालतात: लोखंडी चौकटीवर जाड चामडे ताणलेले, खाली स्पंज नाही, आणि शेकडो किलोमीटरनंतर त्यात बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे तयार होतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींनाही स्प्रिंगवरची चामडी सीट असे. तरीही सत्तरीच्या आजींना मी ती सुचवणार नाही. रुळेपर्यंतचा काळ फार लांबतो, त्या वयाची त्वचा तेवढे सोसत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात ओले चामडे लवकर बिघडते. रेक्झिनची, योग्य रुंदीची, खाली स्प्रिंग असलेली साधी सीट पुरेशी आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर स्प्रिंग हवीच. आपले खड्डे आपल्याला ठाऊक आहेत.

सीट योग्य मिळाली आणि बसवली चुकीची, तर तक्रार कायम राहते. टोक वर उचललेले असेल तर ते नेमके मऊ भागात रुतते. सीट सपाट असावी. टोचत असेल तर टोक अगदी किंचित, नखभर खाली करावे. फार खाली केले तर शरीर पुढे घसरते आणि मनगटे भरून येतात. उंचीसाठी सोपी खूण अशी: पेडल सर्वांत खाली असताना टाच पेडलवर टेकवली तर गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. सीट त्याहून उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते आणि त्वचा सोलवटते. फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो. रस्त्यावर चालवणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र बसल्या जागी पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी. गुडघ्याला थोडे कमी सोयीचे होईल, पण पडण्यापेक्षा ते पत्करावे. हँडल लांब किंवा खाली असेल तर तेही वर, जवळ घ्यावे, कारण हात पुढे ताणले की भार हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर सरकतो.

कपड्यांचा दोष पुष्कळदा सीटच्या माथी येतो. सलवारीची मधली जाड शिवण, परकराच्या चुण्या, आतल्या कपड्याची इलॅस्टिकची कड या गोष्टी अर्ध्या तासात त्वचा लाल करतात. शिवण मधे न येणारा, अंगाला बेताने बसणारा सुती कपडा घालावा आणि घाम आलेला कपडा उतरल्याबरोबर बदलावा. जांघेत घासत असेल तर आधी थोडे पेट्रोलियम जेली लावावे. जंतुनाशक द्रवाने किंवा सुगंधी साबणाने ती जागा धुण्याची सवय सोडावी. पाळी गेल्यानंतर संप्रेरके कमी होऊन तेथील त्वचा पातळ व कोरडी झालेली असते, आणि अशा धुण्याने ती अधिकच चिरते.

हा कोरडेपणा सीट बदलून जाणार नाही, पण त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून तेथे लावायचे मलम देतात. ‘या वयात आता काय’ असे म्हणून तो त्रास सहन करण्याचे काही कारण नाही. पांढरे चट्टे व सतत खाज, लघवीला जळजळ, अंग बाहेर आल्यासारखे वाटणे, उतरल्यानंतरही न जाणारा बधिरपणा, आठवड्यात न भरणारी जखम यांपैकी काहीही असेल तर सायकल थांबवून दाखवावे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव दिसला तर तो सीटमुळे झाला असे स्वतःच ठरवू नये. त्याची तपासणी लवकर व्हायला हवी. मधुमेह असलेल्यांना फोड उठल्याचे जाणवत नाही, म्हणून त्यांनी अधूनमधून आरशाच्या साहाय्याने पाहावे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाडांच्या जागी थोडे ठणकणे मात्र स्वाभाविक आहे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत, आणि दर पाच मिनिटांनी पाय थांबवून, दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवून, थोडी बैठक बदलावी.

काळजी घेणाऱ्यांनी ‘सायकल का करत नाही?’ असे विचारले की उत्तरात कारणेच मिळतात. ‘आई, सीट टोचते का?’ असे सरळ विचारावे. सुनेने किंवा लेकीने विचारले तर बोलणे लवकर मोकळे होते. घरात मुलगाच असेल तर त्याने न संकोचता पुठ्ठा आणि पट्टी आणून ठेवावी आणि बाजूला व्हावे.

बाकी काम गल्लीतल्या सायकलवाल्याचे. जुनी सीट काढून नवी बसवायला पाना आणि दहा मिनिटे लागतात. व्यायामाच्या काही सायकलींची सीट वेगळ्या पद्धतीने बसते, म्हणून नवी घेताना जुनी सीट सोबत न्यावी. सीट आवडली नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारावे. उंची एकदा जमली की सीटखालच्या नळीवर रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, कारण संध्याकाळी नातू सायकलवर चढतो आणि सीट खाली करून जातो.