हाताने खाल्ले तर काय बिघडले?

गेल्या महिन्यात आम्ही घरचे सगळे माटुंग्याच्या एका दक्षिणी पद्धतीच्या हॉटेलात जेवायला गेलो. अम्मीही बरोबर होत्या. डोसे आले. अम्मींनी बिस्मिल्ला म्हणून एक तुकडा तोडला आणि सांबारात बुडवला. सांबार बोटांवरून ओघळले. माझी मुलगी हळूच म्हणाली, "दादी, लोक बघताहेत. काट्याने खा ना!" अम्मींनी हात मागे घेतला. मग त्यांनी फक्त कॉफी घेतली.

मला फार वाईट वाटले. मुलांनो, काटे-चमचे वाईट नाहीत. गरम सांबार चमच्यानेच प्यावे. पण हाताने खाणे म्हणजे अडाणीपणा, हे कोणी ठरवले? तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवायची, वाटायची, रात्रभर आंबवायची, तेव्हा कुठे डोसा होतो. तो कुरकुरीत असतो. काटा टोचला की मोडतो आणि तुकडे ताटाबाहेर उडतात! त्याच माटुंग्यात स्टेशनजवळ रामा नायक यांची १९४२ सालची उडुपी खानावळ आहे. तिथे केळीच्या पानावर भात आणि रसम वाढतात. मोठमोठे साहेबही तिथे बाह्या सारून हाताने जेवतात.

हात मात्र स्वच्छ धुतलेले हवेत. (हे आमच्या घरी मुलीलाच रोज सांगावे लागते.)

परतताना मी तिला विचारले, "दादींनी आज काय खाल्ले?" ती गप्प राहिली. येत्या रविवारी आम्ही पुन्हा तिथे जाणार आहोत. अम्मी अजून 'हो' म्हणालेल्या नाहीत.