साराबांदचा अपराध

बाख थोर खरा, पण त्याचे चर्चसाठी लिहिलेले संगीत तेवढेच आपले. बासरीसाठी रचलेल्या नृत्यमालिका म्हणजे दरबारी नाचगाणी, सबब ख्रिस्ती मनाच्या जोपासनेशी त्यांचा संबंध नाही, असा आक्षेप आपल्यातील काही श्रद्धाळू मंडळी घेत असतात. हे मत सोज्वळ दिसते. वस्तुतः ते चुकीचे आहे, आणि त्याचा शेवट जिथे होतो तिथे ख्रिस्ती श्रद्धा उरत नाही.

ही नृत्यमालिका म्हणजे एकाच स्वरपट्टीत गुंफलेली नृत्यांची माळ. जर्मन वळणाचे आलमांद, धावते कूरांत, स्पेनहून आलेले साराबांद, ब्रिटिश बेटांकडचे जिग, आणि मधूनमधून मिन्युएट वा बूरे. मिशेल द ला बार याने १७०२ साली आडव्या बासरीसाठी अशा रचना छापल्या. १७०८ साली ओत्तेतेरने त्याचा कित्ता गिरवला. दोघेही चौदाव्या लुईच्या पदरी असलेले वादक. परंतु त्यांचे हे संगीत नाचण्यासाठी नव्हते, दालनात बसून ऐकण्यासाठी होते. पावले थांबली होती. पावलांचा तोल तेवढा सुरांत राहिला होता.

त्यातल्या साराबांदचा पूर्वेतिहास मात्र आक्षेपकांच्या पथ्यावर पडणारा आहे. १५८३ साली माद्रिदमध्ये त्याच्या गाण्यावर बंदी आली. हुआन दे मारियाना या विद्वान येशूसंघीय धर्मगुरूने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची कडक निर्भर्त्सना केली. त्यांचा राग अनाठायी होता असे मी म्हणणार नाही; त्यांनी पाहिलेले नाच तसेच असतील. पण पुढे फ्रान्समध्ये हेच नृत्य संथ आणि भारदस्त झाले, तिनांपैकी दुसऱ्या मात्रेवर रेंगाळू लागले. १७२७ साली लाइपझिगमध्ये बाखचे मत्तयकृत दुःखसहनाचे संगीत प्रथम सादर झाले. प्रभूला कबरीत ठेवल्यावर शोक करणारे त्यातले अखेरचे समूहगीत ऐका. त्याची चाल साराबांदची आहे! आता हे समूहगीतही आपण वर्ज्य करणार काय? त्याच कृतीत, प्रभू प्रेमापोटी मरण पत्करतो असे सांगणाऱ्या गीताला बाखने साथ दिली ती बासरीची. दालनातली बासरी आणि क्रुसाजवळची बासरी ही दोन वाद्ये नव्हेत.

त्याची बासरीसाठीची ए मायनरमधील एकल मालिका तर या वादाचा निकालच लावते. तीत साथीला कोणी नाही. आलमांदमध्ये स्वर असे अखंड धावतात की वादकाला श्वास घ्यायला धड जागा सापडत नाही. तो चोरूनच घ्यावा लागतो आणि ऐकणाऱ्याला ती चोरी ऐकू येते. हे संगीत देहाचे आहे यात शंका नाही. परंतु मातीच्या मानवात परमेश्वराने श्वास फुंकला हे आपणच शिकवतो ना? देह मलिन आणि आत्मा तेवढा शुद्ध ही शिकवण मानीपंथीयांची. संत ऑगस्टीन ती सोडून ख्रिस्तसभेत आले. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला तेव्हा खिडकीतून नाक मुरडणारी मीखल होती. आपण कोणाच्या बाजूला उभे राहायचे हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे कोणी रोमच्या उपासनाविषयक मंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधील संगीतसभांविषयी काढलेल्या पत्राकडे बोट दाखवील. संगीत नुसते सुंदर असले म्हणून ते धार्मिक ठरत नाही, हा त्यातील विचार मला संपूर्ण मान्य आहे. मिस्साबलिदानात बूरे वाजवा असे मी म्हटलेले नाही. नृत्यमालिकेची जागा दालनातच. पण अमुक गोष्ट उपासनेची नाही, एवढ्यावरून ती पापाची ठरत नाही. आपला स्वयंपाकही उपासनेचा नसतो.

साराबांदला सोवळे नेसवणारे वादकही मला तितकेच खटकतात. भक्तिभाव यावा म्हणून ते त्याला इतके ताणतात की त्यातले नृत्य मरते. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा बासरीगुरू क्वांट्स याने १७५२ सालच्या आपल्या ग्रंथात निरोगी माणसाची नाडी, म्हणजे मिनिटाला सुमारे ८० ठोके, हे माप धरले आणि साराबांदच्या प्रत्येक मात्रेला नाडीचा एक ठोका दिला. या मापाने ते नृत्य एकदा वाजवून पाहावे.